चार शहरांची सहल आखताय? मुक्कामाचा परिसर निवडताना या चुका टाळा

माझी आई ७४ वर्षांची आहे. ठाण्यातल्या नौपाड्यातून रोज सकाळी सहाला निघते, तलावपाळीला एक फेरी मारते, कोपिनेश्वराचं दर्शन घेते आणि येताना फुलं नि दुधाची पिशवी घेऊन येते. गुडघे दुखत असले तरी ही फेरी ती सहसा चुकवत नाही.

दोन वर्षांपूर्वी तिला घेऊन आम्ही बंगळुरू, मैसूर, पुदुच्चेरी आणि चेन्नई असे अकरा दिवस फिरलो. चारही हॉटेलं मी एकाच पद्धतीने बुक केली होती: स्टेशनजवळ, रेटिंग चांगलं, भाडं बेताचं. बंगळुरूतल्या पहिल्याच सकाळी आई सवयीने सहाला तयार होऊन खाली गेली आणि पाच मिनिटांत परत आली. फाटकासमोरून बसगाड्यांची रांग चालली होती आणि फुटपाथवर रिक्षा उभ्या होत्या. "अगं, बाहेर पडायचं तरी कुठे?" एवढंच म्हणाली आणि खोलीत टीव्ही लावून बसली. ते मला फार लागलं. फिरायला आणलं आणि खोलीत कोंडून ठेवलं, असं वाटलं.

तेव्हापासून मी आधी परिसर निवडते आणि मग त्या परिसरात हॉटेल शोधते. कसोटी एकच: सकाळी सहाला आई इथून एकटी बाहेर पडून चहा-फुलं घेऊन परत येऊ शकेल का? आणि रात्री दहाला खिडकी उघडून झोपता येईल का? या दोन वेळांना जो परिसर टिकतो, तो दिवसभर टिकतो.

स्टेशनजवळ म्हणजे सोयीचं, हा समज

आपल्या ठाण्या-नवी मुंबईच्या माणसांची ही हमखास चूक. आपण घर घेतानासुद्धा "स्टेशनपासून किती मिनिटं" हेच आधी विचारतो, कारण आपल्याला रोज लोकल पकडायची असते. पण सहलीत स्टेशनवर दोनदाच जायचं असतं, येताना आणि निघताना. त्या दोन खेपांचे रिक्षाचे पैसे वाचवायला आपण तीन रात्रींची झोप घालवतो.

बंगळुरूचं मॅजेस्टिक हे त्याचं ठळक उदाहरण. रेल्वे स्टेशन, समोर केंपेगौडा बसस्थानक आणि खाली मेट्रोचं जंक्शन, त्यामुळे वर्दळ रात्रीही थांबत नाही. पण तिथूनच मेट्रोच्या ग्रीन लाइनने एक स्टेशन उत्तरेला गेलं की मल्लेश्वरमच्या तोंडाशी उतरता येतं. दक्षिणेला तीन स्टेशनं गेलं की नॅशनल कॉलेज, म्हणजे बसवनगुडी. १८९८ च्या प्लेगनंतर दाटीच्या पेठांमधून लोकांना बाहेर हलवण्यासाठी या दोन्ही वसाहती आखल्या गेल्या. म्हणून तिथे सरळ रस्ते, मोठी झाडं आणि जवळच मंदिर-बाजार असं सगळं पायाखाली मिळतं. बसवनगुडीत गांधी बाजारात फुलांची दुकानं आहेत, ब्यूगल रॉकचं उद्यान आहे आणि पुढे लालबाग. आम्ही दुसऱ्या दिवशी तिथे हललो आणि आईची फेरी पुन्हा सुरू झाली.

शांत आणि ओस यांतला फरक न कळणं

ही चूक जास्त फसवी आहे. हॉटेलच्या पानावर "शांत परिसर" असं लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं. पण तिथे संध्याकाळी सातनंतर चिटपाखरू नसतं. ऐरोलीच्या आयटी पार्कच्या बाजूला रविवारी एक फेरी मारून बघा. रस्ते रुंद, फुटपाथ बरा, आवाज नाही, पण उघडं दुकान शोधत हिंडावं लागतं. पुण्यात येणारे पाहुणे हिंजवडीत स्वस्त खोली घेतात आणि रोज गावात येण्या-जाण्यात दिवस घालवतात. त्यांनी डेक्कन, प्रभात रोड, भांडारकर रोडच्या आतल्या गल्ल्यांत थोडे जास्त पैसे मोजले असते तरी रिक्षाभाड्यात निम्मे वसूल झाले असते.

पुदुच्चेरीला तर हा फरक डोळ्यांना दिसतो. किनाऱ्याने जाणाऱ्या ईस्ट कोस्ट रोडवरची रिसॉर्ट फोटोत सुंदर दिसतात. आत शांतता असते, पण फाटकाबाहेर वेगाने जाणाऱ्या गाड्या. याउलट व्हाइट टाउनमध्ये एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या छोट्या गल्ल्या आहेत, आणि समुद्रालगतचा गूबेर अव्हेन्यू संध्याकाळी सहापासून सकाळी साडेसातपर्यंत वाहनांना बंद असतो. आई तिथे दोन्ही वेळा चालली, आणि मला एकदाही मागे वळून बघावं लागलं नाही. शनिवार-रविवारी मात्र तिथे बाहेरगावची गर्दी लोटते, म्हणून मुक्काम आठवड्याच्या मधल्या दिवसांत ठेवा.

मला हवा असलेला परिसर म्हणजे माणसं राहतात असा परिसर. खाली किराणा दुकान, कोपऱ्यावर इस्त्रीवाला, संध्याकाळी कट्ट्यावर बसलेली म्हातारी मंडळी. ही माणसं रात्री झोपतात, म्हणून तिथे शांतता असते. आणि ती सकाळी उठतात, म्हणून तिथे चहा मिळतो.

नकाशावरचं सरळ अंतर खरं मानणं

"बाजार ६०० मीटर" असं वाचून आपण खूश होतो. मधे काय आहे ते बघत नाही. वाशी स्टेशनजवळ उतरलेल्या पाहुण्याला नकाशात सेक्टर १७ चा बाजार हाकेवर दिसतो, पण मधे सायन-पनवेल महामार्ग आहे. ठाण्यात पूर्व-पश्चिम जायचं तर रेल्वे लाइन ओलांडायची. हे आपल्याला आपल्या गावात ठाऊक असतं, दुसऱ्याच्या गावात आपण विसरतो.

म्हणून गाडीचा मार्ग न बघता पायी चालण्याचा मार्ग लावून बघा. तो कुठे वळसा घेतो ते शोधा: नाला, उड्डाणपूल, लष्करी हद्दीची भिंत, सिग्नल नसलेला चौपदरी रस्ता. आईच्या चालीने पंधरा मिनिटांत सातशे मीटर होतात, तेव्हा मी तेवढ्याच अंतरात मंदिर, औषधाचं दुकान, साधं जेवण आणि बसायला बाक शोधते. भारतात २०२२ पासून गूगलचं, रस्त्याची प्रत्यक्ष चित्रं दाखवणारं स्ट्रीट व्ह्यू आलं आहे. हॉटेलपासून कोपऱ्यापर्यंत त्यात "चालून" बघा. रस्त्यांच्या बांधणीचे नियम लिहिणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर रुंद मोकळी जागा हवी आणि उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. प्रत्यक्षात काय आहे ते चित्रात दिसतं. गुडघेभर उंच फुटपाथ असेल तर म्हातारी माणसं रस्त्यावरूनच चालतात. चित्र कोणत्या महिन्याचं, कोणत्या वर्षाचं आहे तेही तिथेच लिहिलेलं असतं. जुनं चित्र असेल तर मेट्रोचं खोदकाम त्यानंतर सुरू झालेलं असू शकतं. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

शेजार न तपासणं

मैसूरला मी शहाणी झाले होते. बसस्टँडजवळचं बुकिंग रद्द करून आतल्या वस्तीत, झाडांच्या गल्लीत खोली घेतली. पहिली रात्र सुरेख गेली. दुसऱ्या पहाटे पाचच्या आधी नादस्वर आणि तविल, म्हणजे तिकडची सनई आणि ढोल, सुरू झाले. दोन इमारती पलीकडे कल्याण मंडप, म्हणजे मंगल कार्यालय, होता आणि पहाटेचा मुहूर्त होता. ते वादन मंगल आहे, ऐकायलाही गोड आहे, पण दिवसभर फिरून आलेल्या माणसाला त्या वेळी झोप हवी असते. नकाशावर ते कार्यालय स्पष्ट दिसत होतं. मीच तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

आता हॉटेलच्या भोवतीचे दोनशे मीटर मी बारकाईने वाचते: मंगल कार्यालय, लॉन, बार, एसटी किंवा सिटी बसचा डेपो, शाळेचं पटांगण, घाऊक बाजार. बाजार दिवसा आवाज करेल असं वाटतं, पण भाजीचे ट्रक रात्री तीनला उतरतात. अभिप्राय वाचताना एकूण तारे बघू नका. "आवाज", "हॉर्न", "झोप", "रात्री" हे शब्द इंग्रजीतून आणि त्या गावच्या भाषेतून शोधा. एखाद्याने पाचपैकी चार तारे देऊन खाली "फक्त रात्री थोडा आवाज" असं लिहिलेलं असतं. आपल्या कामाची ओळ तीच.

कायद्याप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र मानली जाते, आणि ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, व्यापारी भागासाठी ५५. आकडे कागदावरचे असले तरी त्यांतून एक गोष्ट कळते: व्यापारी रस्त्यावरच्या हॉटेलात कायद्यानेसुद्धा तुम्हाला घरासारखी शांतता कबूल केलेली नाही.

तारखा न बघता परिसर ठरवणं

तोच परिसर दोन वेगळ्या आठवड्यांत दोन वेगळी गावं असतो. आमचा नौपाडा शांत, पण दिवाळीच्या पहाटे राम मारुती रोड आणि तलावपाळी तरुण मुलामुलींनी फुलून जाते, गुढीपाडव्याला स्वागतयात्रा निघते, नवरात्रात टेंभी नाक्याकडे पाऊल ठेवायला जागा नसते. आम्हाला ते हवंहवंसं वाटतं. ज्या पाहुण्याला शांतता हवी, त्याने त्या दिवसांत येऊ नये. तसंच मैसूरचा दसरा, कोलकात्याची दुर्गापूजा, अहमदाबादची नवरात्र आणि पतंगांचं उत्तरायण. चेन्नईच्या मयिलापूरमध्ये डिसेंबर-जानेवारीत मार्गळी महिना असतो, पहाटेच देवळं जागी होतात. ते अनुभवायला जायचं असेल तर कपालीश्वर मंदिराभोवतीच्या माडा रस्त्यांजवळच राहा. नसेल तर बेझंट नगर किंवा अड्यारच्या आतल्या गल्ल्या बघा.

प्रत्येक शहराला एकच माप लावणं

"मध्यवर्ती" हा शब्द प्रत्येक गावात वेगळा अर्थ घेतो. कोचीत रेल्वे एर्नाकुलमला उतरवते, पण पायी फिरण्याचं गाव फोर्ट कोची, बोटीपलीकडे. वाराणसीत दशाश्वमेध घाटाजवळ गाडी येत नाही, सामान गल्लीतून आणि पायऱ्यांवरून न्यावं लागतं. वयस्क माणसांना अस्सी घाटाची बाजू सुसह्य पडते. जयपूरला बनी पार्क, कोलकात्याला रवींद्र सरोवराच्या आसपासची वस्ती, जिथे तळ्याकाठी सकाळी चालणारे लोक दिसतात आणि मेट्रोही जवळ आहे. चंडीगडचे सेक्टर साधारण १२०० बाय ८०० मीटरचे, प्रत्येकाला आपला बाजार आणि बाग. नवी मुंबईच्या माणसाला तिथे लगेच घरच्यासारखं वाटतं.

आपल्याकडे पाहुणे येणार असतील तर

ठाण्यात "घोडबंदर रोड" हा पत्ता अनेक किलोमीटर पसरलेला आहे, तेवढ्यावर बुकिंग करू देऊ नका. नौपाड्यात गोखले रोड आणि राम मारुती रोडच्या तोंडावरची खोली रात्री दुकानं बंद होईपर्यंत गजबजलेली असते. भास्कर कॉलनी, विष्णूनगर, ब्राह्मण सोसायटी या आतल्या बाजूला तोच बाजार पाच मिनिटांवर राहतो आणि हॉर्न मागे पडतात. उपवनचा तलाव सकाळी फार छान, पण सुट्टीच्या संध्याकाळी गाड्यांची रीघ लागते.

नवी मुंबईत गोंधळ वेगळा. सिडकोने १९७० नंतर एकेक नोड, म्हणजे स्वतंत्र उपनगर, आखला आणि प्रत्येक नोडमध्ये सेक्टरचे आकडे एकपासून सुरू केले. सेक्टर १५ वाशीलाही आहे, बेलापूरलाही आणि खारघरलाही. पत्त्यात नोडचं नाव नसेल तर पुढे जाऊ नका. पाम बीच रोडला लागून खोली घेण्यापेक्षा नेरुळच्या आतल्या सेक्टरांत घ्या. तिथे बाग, भाजी आणि स्टेशन चालत जमतं.

चूक झालीच तर

बॅग उघडण्याआधी खोलीत दोन मिनिटं दिवे, टीव्ही, पंखा सगळं बंद करून उभं राहा. लिफ्टची घरघर, जनरेटर, स्वयंपाकघराचा धूर ओढणारा पंखा, हे तेव्हाच ऐकू येतं. आवाज असेल तर लगेच खाली जाऊन मागच्या बाजूची, वरच्या मजल्यावरची खोली मागा. सामान मांडल्यावर आणि रात्री अकराला मागितली तर मिळणं अवघड. चांगल्या शब्दांत "आई आहे सोबत, झोप महत्त्वाची आहे" असं सांगितलं की बहुतेक ठिकाणी लोक समजून घेतात.

नवीन शहरात मी आता एकाच रात्रीचं पक्कं बुकिंग करते आणि पुढच्या रात्री फुकट रद्द होतील अशा ठेवते. पहिल्या संध्याकाळी जेवण झालं की नऊ-साडेनऊला भोवतालची एक फेरी मारते. परिसर पटला नाही तर सकाळी हलायचं. तीन रात्री असतील तरच हलण्याचा खटाटोप करावा, एका रात्रीसाठी कानात बोळे आणि दाराच्या फटीला टॉवेल पुरे.

आणि बुकिंगच्या आधी एक फोन. "हॉटेल शांत आहे का?" असं विचारू नका, उत्तर हो असंच येतं. "सकाळी सहाला पायी जाऊन चहा कुठे मिळेल?" असं विचारा. मागच्या महिन्यात कोलकात्याला फोन केला, तर पलीकडचा माणूस म्हणाला, दारातून डावीकडे वळा, तिसऱ्या दुकानात साडेपाचपासून मिळतो, आणि तळं तिथून दहा मिनिटांवर. मी तिथेच जानेवारीतल्या चार रात्री पक्क्या केल्या.