झोपलेलं मूल उचलून ठेवू नका: दोन-तीन वर्षांच्या मुलाला स्वतःच्या अंथरुणाची सवय लावताना

रात्री साडेदहाला मूल आईच्या कुशीत झोपतं. बाबा अलगद उचलून त्याला त्याच्या नव्या पलंगावर ठेवतात, आणि सव्वाबाराला घर डोक्यावर. बहुतेक घरांत प्रयोग इथेच फसतो. मग दोष पलंगाला जातो, नाहीतर मुलाच्या स्वभावाला.

लहान मुलाची झोप साधारण तासाभराच्या फेऱ्यांत चालते. एक फेरी संपून दुसरी सुरू होताना मूल किंचित जागं होतं, कूस बदलतं, हाताने चाचपतं. डोळा लागताना जे जवळ होतं, आईचा हात, पदराचा वास, पाठीवरचं थोपटणं, ते जागेवर सापडलं तर पुन्हा झोपतं. नाही सापडलं तर खडबडून उठतं. म्हणून शिकवायचं आहे ते एवढंच: डोळा लागतो त्या क्षणी मूल स्वतःच्या अंथरुणावर असावं आणि त्याला कुणी थोपटत नसावं. ते जमलं की रात्रीत चार-पाच वेळा येणारी जाग मूल स्वतःच निभावून नेतं. गादी जागेपणी गाठायची, हा यातला मुख्य नियम. बाकी सगळं त्याच्या सोयीसाठी.

आणि हो, मूल आईवडिलांजवळ किंवा आजीच्या कुशीत झोपतंय आणि सगळ्यांची झोप नीट होतेय, तर यातलं काहीही करायची गरज नाही. शेजारच्या सोसायटीतलं मूल वेगळं झोपतं, हे कारण पुरेसं नाही. कुणाची तरी झोप खरंच मोडत असेल, तरच हात घाला.

कधी सुरू करायचं

अडीच ते साडेतीन वर्षं हा सोयीचा काळ. ‘आधी गोष्ट, मग दिवा बंद’ एवढा क्रम त्याला कळतो आणि सांगितलेलं वाक्य लक्षात राहतं. त्याआधी मूल कठड्याच्या पाळण्यात नीट झोपत असेल तर राहू द्या. कठड्यावरून पाय टाकायला लागलं की मात्र त्याच दिवशी गादी खाली आणा.

जूनमध्ये प्लेग्रुप सुरू होतोय, डायपर सोडवणं चालू आहे, मागच्या दाढा येतायत, घर बदलायचंय: यातलं काही असेल तर तीन-चार आठवडे थांबा. दुसरं बाळ येणार असेल तर प्रसूतीच्या किमान दोन महिने आधी हे उरकलेलं बरं. आई बाळंतपणाला माहेरी जाणार असेल तर मोठ्या मुलाची जागाही बदलणार. अशा वेळी निघायच्या महिनाभर आधी नवं काही सुरू करू नका. बाळ घरी आल्यावर लगेच ‘आता तू मोठा, तू तिकडे’ हे तर अजिबात नको. जागा बाळाने घेतली, एवढाच अर्थ त्याला कळतो.

जागा आणि गादी

वेगळं अंथरूण म्हणजे वेगळी खोली असं नाही. वन रूम किचनमध्येही हे होतं, फक्त शेवटची पायरी वेगळी असते.

मुलांचा छोटा कारच्या आकाराचा पलंग घेऊ नका. चार-पाच वर्षांत पाय बाहेर येतात. सरळ ६ बाय ३ फुटांची, ४ इंची, घट्ट कॉयरची किंवा फोमची गादी घ्या आणि जमिनीवर टाका. पडण्याचा प्रश्नच उरत नाही. गादी भिंतीला पूर्ण चिकटून ठेवा किंवा चांगली फूटभर लांब. मधली चार-सहा इंचांची फट सगळ्यात वाईट, त्यात मूल अडकतं. पावसाळ्यात फरशीवरच्या गादीला खालून दमट वास आणि बुरशी येते, तेव्हा खाली चटई घाला आणि सकाळी गादी भिंतीला उभी करा.

गावाकडे, शेतातल्या किंवा कौलारू घरात मात्र गादी जमिनीवर नको. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना ती चावते, विंचवाचंही तेच. तिथे बुटकी खाट, भिंतीपासून लांब, आणि कडा गादीखाली खोचलेली मच्छरदाणी.

गळ्यातला काळा दोरा, ताईत किंवा साखळी रात्री काढून ठेवा. मनगटात किंवा कमरेला असेल तर चालेल, गळ्यात नको, आवळण्याचा धोका असतो. मोबाइलचा चार्जर, पडद्याची दोरी, डासांच्या मशीनचा प्लग हाताच्या टप्प्याबाहेर. मूल आता रात्री एकटं उठून फिरू शकतं, हे धरून चाला: कपाट भिंतीला क्लॅम्पने बांधा, गॅलरी आणि बाथरूमच्या दाराला वरची कडी लावा, बादल्या रिकाम्या ठेवा.

झिरोचा बल्ब हवा असेल तर निळा नको, पिवळट किंवा लालसर घ्या, आणि थेट डोळ्यांवर येणार नाही असा लावा. मग दिवा मालवून तुम्ही स्वतः त्या गादीवर पाच मिनिटं आडवे व्हा. खुंटीवरचा रेनकोट अंधारात माणसासारखा दिसतो, हे उभ्याने कधीच कळत नाही.

अंथरुणात एक युक्ती: रबर शीट, त्यावर चादर, त्यावर पुन्हा रबर शीट आणि पुन्हा चादर. रात्री ओलं झालं तर वरचे दोन थर ओढून काढायचे; दिवा लावायला नको. रात्रीचा डायपर सोडवण्याची घाई याच महिन्यात करू नका. पाच वर्षांपर्यंत रात्री अंथरूण ओलं होणं ही तक्रार नव्हे.

आधी घड्याळ, मग गादी

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात ११ ते १४ तास आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते, दुपारची धरून. सकाळी ७ ला उठणारं, दुपारी १ ते अडीच झोपणारं मूल रात्री ९ ला झोपायला तयार असतं. दुपारची झोप पाचपर्यंत लांबली तर नऊला त्याला गादीवर नेणं ही नुसती कुस्ती होते. साडेतीनच्या पुढे झोपू देऊ नका.

आपल्याकडे मुलं अकराला झोपतात, ती बहुधा मोठ्यांच्या वेळापत्रकामुळे. बाबा नऊच्या लोकलने येतात, दिवे लागलेले, टीव्ही चालू, पेंगुळलेलं मूल टक्क जागं होतं आणि त्याला दुसरा दम चढतो. अति दमलेलं मूल लवकर झोपेल असा समज आहे. प्रत्यक्षात ते जास्त दंगा करतं आणि रात्री जास्त वेळा उठतं. बाबांना साडेआठच्या आत पोचता येत नसेल तर सकाळचा अर्धा तास बाबांचा करा, रात्रीचा हट्ट सोडा.

वेळ अलीकडे आणताना सुरुवात सकाळपासून करा. दर दोन दिवसांनी १५ मिनिटं लवकर उठवा, रात्रीची वेळ मागोमाग तेवढीच अलीकडे घ्या. अकराचे नऊ व्हायला साधारण १६ दिवस लागतात. हे झाल्याशिवाय गादी बदलू नका.

झोपण्याआधीचा क्रम अर्ध्या-पाऊण तासाचा, रोज तोच:

१. जेवण झोपण्याआधी तासभर उरकलेलं. टीव्ही-मोबाइल तेव्हापासून बंद.
२. कोमट पाण्याने हात-पाय-तोंड, रात्रीचे कपडे.
३. दूध, पेल्यातून. बाटली गादीवर जात नाही.
४. दात घासणं, शू.
५. गादीवर दोन गोष्टी. दोनच, आणि आधी सांगून.
६. मोठा दिवा बंद, एक अंगाई, ठरलेलं वाक्य.

ते वाक्य घरातल्या सगळ्यांचं एकच असावं: ‘आता झोपायची वेळ. मी इथेच आहे.’

अंगावरचं दूध पीतच मूल झोपत असेल तर आधी दोन आठवडे ते पाजणं क्रमात वर, दात घासण्याच्या आधी सरकवा. दिवसाचं पाजणं चालू राहू शकतं. पहिला आठवडा गादीवर बाबांनी किंवा आजीने नेलं तर सोपं जातं. आईच्या अंगाला दुधाचा वास असतो आणि मूल मागणारच.

मागे सरकत जाणं

पहिल्या तीन-चार रात्री मुलाच्या गादीला लागून बसा. थोपटा, पण झोप लागेपर्यंत नाही. सुरुवातीला नेहमीच्या तालात, मग सावकाश, मग नुसता हात पाठीवर. पापण्या जड झाल्या, नजर एका जागी ठरली की हात उचला आणि गादीच्या कडेवर ठेवा. हात उचलल्यावर किरकिर झाली तर परत ठेवा, अर्ध्या मिनिटाने पुन्हा उचला. पहिल्या रात्री हे पंधरा-वीस वेळा होऊ शकतं.

पुढच्या तीन-चार रात्री हात न लावता हातभर अंतरावर बसा. मग खोलीच्या मध्यावर, मग दाराशी, मग दाराबाहेर, भांड्यांचा आवाज ऐकू येईल असं. प्रत्येक जागी तीन-चार रात्री. सगळं मिळून अडीच-तीन आठवडे. बसल्यावर बोलायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही आणि हातात मोबाइल नको. त्या उजेडात मूल तुमचा चेहरा बघत बसतं.

एकाच खोलीत झोपत असाल तर अंतर गाद्यांचं मोजा. आधी दोन्ही गाद्या चिकटून, मग मधे एक वीत, मग एक हात, मग तुमची गादी त्याच्या पायथ्याशी. प्रत्येक बदल तीन रात्रींनी. शेवटी तुम्ही पाठ करून झोपेचं सोंग घ्यायचं. बरेचदा सोंग घेणाराच आधी घोरायला लागतो, तेही चालतं.

रात्री उठून आलं तर हात धरून परत न्यायचं, वाक्य एकदा म्हणायचं, चादर घालायची, परत यायचं. रागावणं नाही, लाडही नाहीत. दहाव्यांदा कंटाळून कुशीत घेतलंत तर मूल दहा वेळा यायला शिकतं. म्हणून शुक्रवारी रात्री सुरुवात करा. तिसरी-चौथी रात्र बऱ्याचदा पहिलीपेक्षा वाईट जाते आणि तिथेच लोक सोडून देतात. तेवढी एक काढली तर पाचवीपासून उतार दिसतो.

रडू आलं तर जवळ जाऊन शांत करायचंच, पण त्याच्या गादीवर. घाबरून रडणं आणि हट्टाने किरकिरणं यातला फरक तुम्हाला आवाजावरून कळतो.

आजी पहिल्या हुंदक्याला धावून जाणार, हे गृहीत धरा आणि तिला बाजूला काढू नका. गोष्टीचं काम तिच्याकडे द्या, ठरलेलं वाक्य तिलाही द्या. ‘बागुलबुवा येईल’ मात्र सगळ्यांनीच बंद करायचं. बुवा ज्या अंधारात येतो, त्याच अंधारात आपण त्याला एकटं झोपायला सांगतोय.

अडतं कुठे

पहाटे पाचची वारी सगळ्यात चिवट. तोवर रात्रीची बरीचशी झोप भागलेली असते, त्यामुळे परत झोपणं मुलालाही अवघड. पाचला कुशीत घेतलंत तर हळूहळू साडेचार होतात. टायमरच्या प्लगवर एक छोटा दिवा लावा, साडेसहाला लागेल असा. दिवा लागला की आईकडे यायचं. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला हे कळतं, फक्त आठवडाभर रोज सकाळी तो दिवा त्याच्यासोबत बघायला हवा.

पाणी, शू, अजून एक पापी: तीन वर्षांपुढच्या मुलांच्या या मागण्या संपत नाहीत. जुन्या लग्नपत्रिकेतून हाताएवढं एक कार्ड कापा. रात्री एकदा ते देऊन एक मागणी पुरी करून घ्यायची, मग कार्ड आपल्याकडे. सकाळी कार्ड न वापरता शिल्लक असेल तर नाश्ता त्याच्या आवडीचा. चॉकलेट नको.

झोपल्यापासून एक ते तीन तासांत मूल डोळे उघडे ठेवून किंचाळतं, ओळखत नाही, हात लावला तर ढकलतं: ही झोपेतली भीती. ते जागं नसतं. हलवू नका, दिवा लावू नका, पडणार नाही एवढं बघा. काही मिनिटांत ओसरतं आणि सकाळी त्याला आठवतही नाही. दृष्ट काढायची तर सकाळी काढा. उत्तररात्री रडत उठून, ओळखून बिलगत असेल तर ते वाईट स्वप्न. तेव्हा जवळ घ्या, बसा, पण त्याच्याच गादीवर.

तापात, सर्दीत मूल आपल्याकडे आणण्यापेक्षा आपण त्याच्याशेजारी खाली झोपा. बरं झाल्यावर पहिल्यापासून नको, मधल्या पायरीवरून सुरू करा. झोपेसाठी सर्दीचं सिरप देऊ नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

बहुतेक रात्री तोंड उघडं ठेवून घोरत असेल, मधे श्वास अडखळत असेल, पाय सारखे झाडत असेल किंवा शीच्या जागी रात्री खाज सुटत असेल तर गादीचा प्रयोग थांबवून डॉक्टरांना दाखवा. टॉन्सिल-ॲडेनॉइड (घशातल्या आणि नाकामागच्या गाठी), लोहाची कमतरता आणि जंत यांवर कुठलीही गादी उपाय नाही.

गणपतीत गावाला गेल्यावर सगळे ओळीने झोपणार, मूलही आत्या-काकांच्या मधे झोपणार. झोपू द्या. त्याची चादर आणि उशी मात्र बरोबर न्या आणि परतल्यावर पहिल्याच रात्री जुना क्रम लावा. दोन-तीन रात्रींत बसतो. लग्नाहून येताना गाडीवरच खांद्यावर झोपलं असेल तर तसंच गादीवर टाकू नका. ओल्या फडक्याने पाय पुसा, डोळे किलकिले होतील. तेव्हा कानाशी सांगा, ‘तू तुझ्या गादीवर आहेस. मी इथेच आहे.’ मग चादर ओढा.