तीन संघांमधील बेसबॉल ट्रेडचे मूल्यमापन कसे करावे

जुलै महिना सरत आला की मेजर लीग बेसबॉलच्या, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेच्या, चाहत्यांमध्ये काल्पनिक ट्रेडना, म्हणजे संघांमधील खेळाडूंच्या अदलाबदलींना, ऊत येतो. अमुक संघाने आपले तीन होतकरू खेळाडू द्यावेत, तमुक संघाचा अनुभवी पिचर (गोलंदाज) घ्यावा, आणि हिशेब जुळत नसेल तर मध्ये तिसरा संघ आणावा, अशा मांडण्या कागदावर चटकन तयार होतात. त्या तपासताना बहुतेक जण सर्वांत नावाजलेला खेळाडू कोणाकडे गेला एवढेच पाहतात, आणि मूल्यमापन तिथेच फसते.

सुरुवात प्रत्येक संघाचे स्वतंत्र खाते मांडून करावी. तीन संघांच्या ट्रेडचा एकत्र ताळेबंद काढण्यात अर्थ नसतो, कारण एका संघाने दिलेला खेळाडू ज्याच्याकडून मोबदला येणार आहे त्याच्याकडेच जाईल असे नाही. प्रत्येक खात्यात ‘दिले’ आणि ‘मिळाले’ असे दोन रकाने करावेत आणि प्रत्येक नावापुढे वय, खेळण्याची जागा, उरलेला पगार आणि संघाचा त्याच्यावर उरलेला हक्क किती वर्षांचा, या चार गोष्टी लिहाव्यात. त्यानंतर एकच प्रश्न विचारावा: तिसरा संघ इथे कशासाठी आला आहे? त्याचे समाधानकारक उत्तर नसेल, तर ती मांडणी केवळ जुळवाजुळव आहे असे समजावे.

३१ जुलै २०१४ चा ट्रेड या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. डेट्रॉइट टायगर्सना टॅम्पा बे रेजचा डावखुरा पिचर डेव्हिड प्राइस हवा होता. सिएटल मरिनर्सना सेंटर फिल्डर (मैदानाच्या मागच्या मधल्या भागाचा क्षेत्ररक्षक) हवा होता, आणि तो, म्हणजे ऑस्टिन जॅक्सन, डेट्रॉइटकडे होता. टॅम्पाला मात्र स्वस्त आणि दीर्घकाळ हाताशी राहतील असे खेळाडू हवे होते. म्हणून जॅक्सन सिएटलला गेला, सिएटलचा निक फ्रँकलिन टॅम्पाला गेला, आणि डेट्रॉइटने ड्रू स्मायली व विली अदामेस हे दोघेही टॅम्पाला दिले. सिएटल वगळले तर हा ट्रेड उभाच राहत नाही. मध्यस्थ संघाची गरज अशी खरी असावी लागते. अदामेस तेव्हा अठरा वर्षांचा होता आणि मायनर लीगच्या, म्हणजे मेजर लीगखालच्या तयारीच्या स्पर्धांच्या, खालच्या पायरीवर खेळत होता. पुढे तोच टॅम्पाचा नियमित शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) झाला आणि २०२० ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, खेळला. यादीत तळाशी असलेले नाव घाईने ओलांडू नये, ते यासाठी.

हक्काची वर्षे हा या हिशेबाचा कणा आहे. मेजर लीगमध्ये १७२ दिवस म्हणजे सेवेचे एक वर्ष धरले जाते. सहा वर्षे पूर्ण झाल्यावर, दीर्घ करार केलेला नसेल तर, खेळाडू फ्री एजंट होतो, म्हणजे कोणत्याही संघाशी करार करायला मोकळा होतो. पहिली साधारण तीन वर्षे तो किमान पगाराच्या आसपास खेळतो (२०२५ मध्ये हा किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता) आणि पुढची तीन वर्षे त्याचा पगार लवादाच्या पद्धतीने वाढत जातो. त्यामुळे चांगला तरुण खेळाडू बाजारभावाच्या मानाने फार कमी पैशांत संघाकडे राहतो, आणि ट्रेडमध्ये प्रत्यक्षात ही बचतच हातोहात फिरत असते.

आता एक काल्पनिक उदाहरण आकड्यांत पाहू. एकतीस वर्षांचा पिचर जुलैअखेर विकायला निघाला आहे. या मोसमाचा एक तृतीयांश भाग आणि पुढचे पूर्ण वर्ष एवढा त्याचा करार उरला आहे, आणि वार्षिक पगार २ कोटी डॉलर आहे. मायनर लीगमधून सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूच्या तुलनेत तो उरलेल्या काळात ५ विजय अधिक मिळवून देईल असे धरू, आणि बाजारात एका विजयाची किंमत ८० लाख डॉलर मानू. म्हणजे त्याचे मूल्य ४ कोटी, उरलेला पगार सुमारे २ कोटी ६७ लाख, आणि निव्वळ बचत १ कोटी ३३ लाख डॉलर.

समोरच्या रकान्यात मेजर लीगपासून दोन वर्षे दूर असलेला एक शॉर्टस्टॉप आहे. तो नियमित खेळाडू होऊन सहा वर्षांत १२ विजय देण्याची शक्यता चारात एक, राखीव म्हणून ४ विजय देण्याची शक्यताही चारात एक, आणि काहीच हाती न लागण्याची शक्यता निम्मी धरू. अपेक्षित विजय ४ येतात, म्हणजे ३ कोटी २० लाख डॉलर. त्यातून पगाराचे अपेक्षित ८० लाख वजा केले की २ कोटी ४० लाख उरतात. मात्र हे विजय सरासरी पाच वर्षांनी मिळणार आहेत. वर्षाला ८ टक्के दराने सूट धरली, तर आजचे मूल्य सुमारे १ कोटी ६० लाखांवर येते. पिचर देणाऱ्या संघाने पगारातले ३० लाख स्वतः उचलले, तर दोन्ही बाजू जवळपास बरोबरीत येतात. यातले सर्व आकडे गृहीत आहेत. ते थोडे वरखाली करून निष्कर्ष बदलतो का हे अवश्य पाहावे, कारण किंचित बदलाने जो निष्कर्ष उलटतो त्यावर ठाम मत देणे धाडसाचे ठरते.

पिचर घेणारा संघ जर सलग तिसऱ्या वर्षी संघाच्या एकूण पगाराच्या करमर्यादेबाहेर असेल, तर जादा पगारावर त्याला किमान ५० टक्के कर भरावा लागतो; २०२५ मध्ये ही मर्यादा २४ कोटी १० लाख डॉलर होती. वरच्या उदाहरणातले २ कोटी ६७ लाख अशा संघाला ४ कोटींना पडतात आणि बचत शून्यावर येते. तरीही तो संघ हा ट्रेड करू शकतो, आणि शहाणपणानेही करू शकतो, कारण ८८ विजयांच्या उंबरठ्यावर असलेल्या संघाला आणखी दोन विजय प्लेऑफमध्ये नेतात, तर ७० विजयांच्या संघाला त्यांचा काडीचाही उपयोग नसतो. म्हणूनच एकाच खेळाडूचे मूल्य तिन्ही खात्यांत सारखे लिहिणे चूक आहे.

होतकरू खेळाडूंची प्रतवारी स्काउट (खेळाडू हेरणारे जाणकार) २० ते ८० या मापावर करतात आणि ५० म्हणजे मेजर लीगमधील सरासरी दर्जा मानतात. पिचरांना दुखापतीचा धोका अधिक, म्हणून समान गुण असतील तर फलंदाजाला झुकते माप द्यावे. शिवाय ४५ गुणांचे तीन खेळाडू म्हणजे ६० गुणांचा एक, असे समीकरण कधीच मांडू नये. संघाच्या चाळीस जणांच्या अधिकृत यादीत तिघांसाठी जागा करावी लागते, आणि त्या जागेसाठी ज्यांना सोडावे लागते त्यांचेही मूल्य असते.

तिसरा संघच सर्वाधिक कमावून गेल्याचे ठळक उदाहरण डिसेंबर २०२२ मधले आहे. अटलांटा ब्रेव्हजना ओकलंडचा कॅचर (यष्टिरक्षकासारखा फलंदाजामागे उभा राहणारा खेळाडू) शॉन मर्फी हवा होता. मध्ये आलेल्या मिलवॉकी ब्रुअर्सने एस्टेउरी रुईझ ओकलंडला दिला आणि त्या बदल्यात अटलांटाचा कॅचर विल्यम कॉन्ट्रेरास, शिवाय आणखी दोन पिचर मिळवले. मर्फीवर तीन वर्षांचा हक्क उरला होता, कॉन्ट्रेरासवर पाच. रुईझने २०२३ मध्ये ६७ बेस चोरले हे खरे, पण त्याची फलंदाजी बेताचीच राहिली. कॉन्ट्रेरासचे पुढचे यश बाजूला ठेवले, तरी हक्काच्या वर्षांचा रकाना पाहून मिलवॉकीची बाजू ट्रेडच्या दिवशीच वरचढ दिसत होती. मूल्यमापन त्या दिवशी ठाऊक असलेल्या माहितीवरच करावे.

आयपीएल पाहणाऱ्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईकडे निव्वळ पैशांच्या व्यवहारात आला. बेसबॉलमध्ये मोठ्या खेळाडूचा असा सौदा लीगच्या आयुक्तांच्या मंजुरीत अडकतो. १९७६ मध्ये ओकलंडने व्हिडा ब्लू, रॉली फिंगर्स आणि जो रुडी यांना रोख रकमेवर विकले, तेव्हा आयुक्त बोवी कून यांनी ती विक्री रद्द केली होती. म्हणून काल्पनिक ट्रेडमध्ये रोकड केवळ पगाराचा भार वाटून घेण्यापुरती ठेवावी.

शेवटी दोन तपासण्या उरतात. दहा वर्षे सेवा झालेल्या आणि त्यातली शेवटची पाच वर्षे एकाच संघात काढलेल्या खेळाडूला ट्रेड नाकारण्याचा हक्क असतो. तो हक्क किंवा करारातील तसे कलम आड येते का हे पाहावे. दुसरी तपासणी वैद्यकीय. फेब्रुवारी २०२० मध्ये बॉस्टनचा खेळाडू मूकी बेट्स याला लॉस एंजेलिस डॉजर्सकडे नेणारा तीन संघांचा ट्रेड जुळल्याच्या बातम्या आल्या होत्या, पण मिनेसोटाचा पिचर ब्रुसदार ग्रातेरोल याच्या वैद्यकीय अहवालावर बॉस्टनचे समाधान झाले नाही. अखेर बॉस्टन आणि डॉजर्स यांनी आपसांत वेगळा ट्रेड केला, आणि ग्रातेरोल स्वतंत्र ट्रेडमधून डॉजर्सकडेच गेला.