लॉगआउट केलं की प्रोसेस मरते? या चुका टाळा

लिनक्सवर कमांडच्या शेवटी अँपरसँड (&) लावला की काम बॅकग्राउंडला गेलं, आता खुशाल लॉगआउट करा, असं बरेच जण धरून चालतात. कधीकधी ते खरंही ठरतं, आणि घोळ तिथेच होतो. बॅशमधून, म्हणजे कमांड घेणाऱ्या शेलमधून, एक्झिट टाइप करून बाहेर पडलात तर चालू बॅकग्राउंड जॉबना सिगहप (टर्मिनल तुटल्याचा, प्रोसेस सहसा संपवणारा सिग्नल) जात नाही, कारण हपऑनएक्झिट हा पर्याय मुळात बंद असतो. पण नेट गेलं, एसएसएच (सर्व्हरशी दूरून केलेलं कनेक्शन) तुटलं आणि सर्व्हरच्या ते लक्षात आलं, की सिगहप खुद्द बॅशलाच येतो. मग तो स्वतः जाता जाता आपल्या सगळ्या जॉबना तोच सिग्नल पाठवतो. म्हणून दुपारी टिकलेली स्क्रिप्ट रात्री मरते. चाचणी घ्यायचीच तर एक्झिट न लिहिता टर्मिनलची खिडकी थेट बंद करून घ्या.

कमांडच्या आधी नोहप (सिगहपकडे दुर्लक्ष करायला लावणारी कमांड) लावलात तर सिगहपची भीती नाही, पण आउटपुट फाइलकडे वळवा. नाहीतर सगळं नोहप.आउटमध्ये साचतं आणि बडबड्या प्रोग्रॅम असेल तर डिस्क भरते. सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणारं साधन) पासवर्ड विचारणार असेल तर जॉब बॅकग्राउंडला नुसता 'स्टॉप्ड' होऊन बसतो.

आधीच सुरू केलेल्या कामाला डिसओन ही कमांड लावणं ही अर्धीच सोय. जॉब बॅशच्या यादीतून निघतो, पण त्याचं आउटपुट जुन्या टर्मिनललाच चिकटलेलं राहतं. टर्मिनल गेल्यावर पायथन स्क्रिप्टने पुढचं प्रिंट केलं की 'एरर क्रमांक ५, इनपुट/आउटपुट एरर' येते आणि खेळ खल्लास. लांबलचक काम हातानेच चालवायचं असेल तर सरळ टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी सेशन चालू ठेवणारा प्रोग्रॅम) उघडावं, उगाच डोकेफोड नको.

तरीही टीमक्ससकट सगळं नाहीसं झालं? मग संशय सिस्टमडीवर (लिनक्समधल्या सेवा आणि सेशन सांभाळणारी यंत्रणा) घ्या. 2016 मध्ये आवृत्ती 230 पासून लॉगआउटनंतर युजरच्या उरलेल्या प्रोसेस मारणं हे सिस्टमडी बनवणाऱ्यांनी डीफॉल्ट केलं. त्यावर बराच गदारोळ झाला आणि अनेक डिस्ट्रोंनी (लिनक्सच्या वेगवेगळ्या वितरणांनी) ते बंद ठेवलं. तुमच्याकडे काय आहे ते लॉगइनडी.कॉन्फ या सेटिंग फाइलमधल्या किलयुजरप्रोसेसेस या ओळीत पाहा.

वेब सर्व्हर किंवा बॉट कायम चालवायचा असेल तर मात्र टीमक्सही नको. सर्व्हर रीबूट झाला की तेही जातं. सिस्टमडीचं सर्व्हिस युनिट (काय आणि कसं चालवायचं ते सांगणारी फाइल) लिहा. ते युजर सर्व्हिस म्हणून चालवत असाल तर शेवटचं सेशन संपताच तीही थांबते. ती चालू राहावी म्हणून लॉगइनसीटीएल या कमांडला एनेबल-लिंगर सांगावं लागतं.