नकाशात देवबाग दिसायलाच हवं: कोकणासाठी किनाऱ्याची स्वतःची फाइल

मासेमारीवर प्रकल्प करणाऱ्या मुलांचे नकाशे माझ्याकडे तपासायला येतात, आणि बहुतेकांत तारकर्लीच्या खाली देवबाग नसतंच. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मध्ये चिंचोळी वाळूची पट्टी आणि तिच्यावर नांदतं गाव. ते नकाशातून पुसलं जावं, हे मला चालत नाही.

पायथनच्या कार्टोपी या नकाशे काढणाऱ्या लायब्ररीत एका ओळीत किनारा येतो खरा, पण तो नॅचरल अर्थ या मोफत नकाशा-संग्रहाचा. त्यातला सर्वांत बारीक संच १:१ कोटी प्रमाणाचा, म्हणजे कागदावरच्या एका मिलिमीटरात दहा किलोमीटर. अख्खा अरबी समुद्र दाखवायला तो उत्तम. सिंधुदुर्ग किल्ल्याचं कुरटे बेट मात्र जेमतेम ४८ एकरांचं, ते त्यात कुठून येणार? जीएसएचएचजी या जगभरच्या किनाऱ्यांच्या संग्रहातला 'फुल', म्हणजे सर्वांत तपशीलवार संच बराच बरा, पण त्याचा मुख्य आधार १:२,५०,००० प्रमाणाचा आहे आणि त्या मूळ माहितीत ५०० मीटरपर्यंतची चूक गृहीत धरलेली आहे. मालवण बंदराच्या नकाशाला तेवढी चूक परवडत नाही.

म्हणून ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मुक्त नकाशाचा किनारा घ्या. 'लँड पॉलिगॉन्स' (जमिनीचे बहुभुज, म्हणजे बंद आकार) आणि 'कोस्टलाइन्स' (काठाच्या रेघा) असे दोन तयार संच मिळतात. दोन्ही डब्ल्यूजीएस ८४ मध्ये, म्हणजे अंशांतल्या अक्षांश-रेखांशांत उतरवून घ्या. दोन्ही कशाला? जमिनीचे बहुभुज चौकोनी तुकड्यांत कापलेले असतात. त्यांना कडा दिलीत तर सह्याद्रीवरून सरळ उभ्या-आडव्या रेघा जातात. तेव्हा बहुभुजांना फक्त रंग भरायचा, कडा नाही. काठाची रेघ दुसऱ्या फाइलीतून काढायची.

फाइली जगभराच्या आणि जड असतात. क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'क्लिप व्हेक्टर बाय एक्स्टेंट' वापरून रेखांश ७२.६ ते ७४ आणि अक्षांश १५.६ ते १९.२ एवढाच तुकडा कापा आणि शेपफाइल म्हणून ठेवा. एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ, पीआरजे ही चारही भावंडं एकाच फोल्डरात राहू द्या. मुलं नुसती एसएचपी मेलने पाठवतात, मग ती उघडत नाही.

आता कार्टोपी. शेपरीडरच्या 'रीडर'ने फाइल वाचा, तिच्यातल्या 'जिओमेट्रीज' 'ॲड जिओमेट्रीज'ला द्या. नकाशाला प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची पद्धत, यूटीएम ४३ हे मीटरांत मोजणारं घ्या, कारण आपला सगळा किनारा याच पट्ट्यात येतो. माहितीचं प्रक्षेपण मात्र 'प्लेट कारे'च, म्हणजे अंशांतलं, सांगायचं. तिथेही यूटीएम लिहिलंत तर ७३ अंश हे ७३ मीटर समजले जातात आणि नकाशा कोरा येतो. काठाच्या रेघेला 'फेसकलर' 'नन' द्या, नाहीतर रेघेची दोन टोकं जोडून मधली जागा रंगते. आणि कार्टोपीची जुनी किनारा-आज्ञा काढून टाका, नाहीतर दोन किनारे शेजारीशेजारी दिसतील.

खाड्यांकडे वेगळं लक्ष द्या. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये किनाऱ्याची रेघ खाडीत कुठेतरी थांबते. तिथून वरचं पाणी नदीचा बहुभुज म्हणून वेगळं नोंदलेलं असतं. त्यामुळे वाशिष्ठी किंवा जयगडची खाडी मध्येच जमिनीने बुजल्यासारखी दिसू शकते. पाण्याच्या बहुभुजांचा थर वेगळा आणून समुद्राच्याच रंगात जमिनीवर चढवा.

मग पडताळणी. ओपनस्ट्रीटमॅपची ही रेघ उधाणाच्या भरतीच्या सरासरी पातळीची धरलेली असते. सेंटिनेल-२ या उपग्रहाचं दहा मीटर तपशिलाचं चित्र खाली ठेवलंत आणि ते ओहोटीचं निघालं, तर रेघ पाण्यापासून आत दिसेल. ती चूक नव्हे, लगेच सरकवू नका. आधी चित्राची तारीख आणि वेळ बघा, त्या वेळची भरती-ओहोटी कोष्टकात तपासा. सपाट पुळणीवर आणि खाडीच्या चिखलात हा फरक मोठा असतो. विजयदुर्गासारख्या कातळाच्या काठावर कमी. म्हणून रेघ जागेवर आहे का, हे कातळावर आणि किल्ल्याच्या तटावर जोखा, वाळूवर नको.

कर्लीच्या मुखाशी वाळूचे दांडे पावसाळ्यागणिक हलतात. तिथे तयार फाइलीवर विसंबू नका. पावसाळ्यानंतरचं भरतीच्या वेळचं चित्र घेऊन क्यूजीआयएसच्या 'व्हर्टेक्स टूल'ने तेवढाच भाग हाताने ओढा, रेघेतही आणि बहुभुजातही, आणि नकाशाच्या कोपऱ्यात त्या चित्राची तारीख लिहा. तिच्या शेजारीच ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदात्यांचं श्रेय द्या. परवान्याची ती अट आहे.