पगारकपातीच्या प्रस्तावावर मत देण्याआधी

अमेरिकेतल्या रीजनल, म्हणजे मोठ्या कंपनीसाठी छोटी विमानं उडवणाऱ्या, विमान कंपनीत पगारकपातीचा प्रस्ताव आला की क्रू रूममध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो, विमानं तरी येतील. दुसरा म्हणतो, एकदा सोडलेलं परत मिळत नाही. मी रीजनलमध्येच कॅप्टन आहे. शेजारच्या सीटवरचे नवे फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, मला विचारतात, युनियनच्या मतदानात मत कुठे देऊ? माझं सांगणं असं: कपात किती टक्के ते नंतर बघा. बदल्यात काय मिळणार आणि ते देणं कुणाच्या हातात आहे, ते आधी बघा.

बहुतेक रीजनल कंपन्यांची उड्डाणं मोठी कंपनी विकत घेते. तिकिटं ती विकते, मार्ग ती ठरवते, पुष्कळदा विमानंही तिचीच असतात. त्यामुळे 'कपात द्या, विमानं देतो' हे वचन तुमची कंपनी एकटी पाळू शकत नाही. 2013 मध्ये पीएसए या रीजनल कंपनीच्या वैमानिकांनी सवलती मान्य केल्या आणि तिकडे मोठी सीआरजे-900 विमानं गेली. मार्च 2014 मध्ये एन्व्हॉय या दुसऱ्या रीजनलच्या वैमानिकांनी तसाच प्रस्ताव मतदानात फेटाळला. दोन्ही कंपन्या आज अमेरिकन एअरलाइन्स ग्रुपच्या. पुढे एन्व्हॉयमध्ये दुसरा करार मंजूर झाला आणि ई-175 विमानं तिथेही आली. म्हणजे पहिल्या नकाराने सगळं संपलं नाही. उलट बाजूला कॉमएअर आहे. डेल्टाच्या मालकीच्या या कंपनीत वैमानिकांनी सवलती दिल्या, तरी 29 सप्टेंबर 2012 ला ती बंद झाली. म्हणून टीएच्या, म्हणजे मतदानाला येणाऱ्या तात्पुरत्या कराराच्या, मसुद्यात विमानांची संख्या, तारीख आणि विमानं आली नाहीत तर जुने दर आपोआप परत लागू होण्याचं कलम शोधा. ते कलम नसेल तर माझं मत 'नाही'. यात मी तडजोड करणार नाही.

मग आकडे. दर ताशी 90 डॉलर आणि महिन्याची हमी, म्हणजे किमान पैसे मिळणारे तास, 75 असेल तर महिन्याला किमान 6,750 डॉलर होतात. दराला हात न लावता हमी 72 तासांवर आणली तर 6,480. सभेत मात्र 'दर कायम ठेवले' असंच ऐकू येतं. डेडहेडला (कामासाठी प्रवासी म्हणून केलेल्या उड्डाणाला) पूर्ण पैसे की अर्धे, रद्द झालेल्या फेरीचे पैसे मिळतात का, रिझर्व्हला (बोलावलं की हजर राहायच्या ड्युटीला) सुट्टीचे दिवस किती, 401(के) या निवृत्ती बचत खात्यात कंपनी किती घालते, हे सगळं जुन्या करारासमोर ठेवून वाचा. आणि आज 10 टक्के कपात, पुढे 10 टक्के वाढ, म्हणजे शंभराचे नव्वद आणि नव्वदाचे नव्व्याण्णव.

घाईला घाबरू नका. विमान कंपन्यांनाही लागू असलेल्या रेल्वे लेबर ॲक्ट या कामगार कायद्याखाली आपला करार ठरलेल्या तारखेला संपत नाही. त्या तारखेनंतर तो फक्त बदलासाठी खुला होतो आणि जुन्या अटी चालू राहतात. कंपनी चॅप्टर 11 मध्ये, म्हणजे दिवाळखोरीत, गेली तर गोष्ट वेगळी, तिथे कलम 1113 नुसार न्यायालय करार रद्द करायला परवानगी देऊ शकतं. तेव्हा दिवाळखोरीची शक्यता किती खरी आहे, हे युनियनच्या आर्थिक विश्लेषकांना सभेत सरळ विचारा.

राहता प्रश्न, इथे थांबायचं की निघायचं? सिनिऑरिटी, म्हणजे ज्येष्ठता यादीतला क्रमांक, दुसऱ्या कंपनीत सोबत येत नाही. दहा वर्षांचा कॅप्टन दुसऱ्या रीजनलमध्ये गेला तर तिथे सर्वात शेवटी उभा राहतो. त्यामुळे थोड्या पैशांसाठी एका रीजनलमधून दुसऱ्या रीजनलमध्ये उडी मारणं मला कधीच पटलं नाही. मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं तर मात्र एक दिवसही रेंगाळू नका. निवृत्ती 65 व्या वर्षी सक्तीची आहे. आज वाया गेलेलं वर्ष पहिल्या वर्षाच्या पगारातून वजा होत नाही, ते शेवटच्या, सर्वात चांगल्या पगाराच्या वर्षांतून जातं. फर्स्ट ऑफिसर म्हणून आलात तर कॅप्टन होण्यासाठी एअरलाइनमधले 1,000 तास लागतात, म्हणून तुमच्या बेसवर (नेमणुकीच्या विमानतळावर) अपग्रेडची, म्हणजे कॅप्टन होण्याची, रांग किती लांब आहे हे ताशी दराइतकंच महत्त्वाचं. फ्लोवर, म्हणजे रीजनलमधून मोठ्या कंपनीत क्रमाने घेण्याच्या करारावर, मात्र विसंबू नका. मोठ्या कंपनीची भरती थांबली की फ्लोही थांबतो.

वैमानिक कमी पडले तेव्हा बाजू किती झपाट्याने पालटते, हे आपण पाहिलं आहे. जून 2022 मध्ये पीडमाँट आणि एन्व्हॉय या रीजनलमध्ये पहिल्या वर्षाच्या फर्स्ट ऑफिसरचा दर ताशी 90 डॉलरवर गेला. पण त्यातला बराच भाग ऑगस्ट 2024 पर्यंतचा तात्पुरता भत्ता म्हणून लिहिला होता. वाढीचा प्रस्ताव आला तरी 'तात्पुरता' हा शब्द कुठे बसवलाय ते आधी शोधा, आणि मतदान बंद होण्याआधी आपल्या युनियन प्रतिनिधीला त्याबद्दल लेखी विचारा.