बोल्ट रायफल फुटते तेव्हा गॅस कुठे जातो

आमच्या लांजा-राजापूर पट्ट्यात शेतीरक्षणाच्या परवान्यावर बहुतेकांकडे बाराबोअर (छऱ्यांची बंदूक) असते. बोल्ट रायफलवाले मोजकेच (बोल्ट म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा, हाताने मागेपुढे करायचा पोलादी दट्ट्या), आणि त्यांच्याकडेही जास्त करून इशापूर घडणीची थ्री फिफ्टीन, म्हणजे .315 बोअरची. मी फौजेत आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो हे ठाऊक असल्याने ही मंडळी आली की हमखास विचारतात, "काका, कुठची रायफल फुटत नाय?" अशी रायफल अजून कुणी बनवलेली नाही. काडतूस फाटलं तर गॅस कुठल्या वाटेने बाहेर पडणार, हे आधी विचारा.

बार उडाला की रायफलच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेत, दर चौरस इंचाला 45 ते 60 हजार पौंड दाब तयार होतो. तो मागे येऊ न देण्याचं काम काडतुसाचं पितळी कवच, म्हणजे केस, करते. फवारणी पंपातल्या वॉशरसारखी ती फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते, आणि तिच्या बुडाला बोल्टचा टेकू असतो. बुडाजवळचा थोडा भाग बऱ्याच रायफलींत चेंबरच्या आधाराबाहेर राहतो. पितळ तिथे फाटलं की तो सगळा गॅस बोल्टच्या कडेने तुमच्या तोंडाकडे निघतो, आणि पोलादातच खोट असेल तर पोलादाचे तुकडेही.

कोकणात रायफल फुटण्याचं पहिलं कारण म्हणजे कुंभारीण. ही माशी कुलपाच्या भोकात घर करते, नळाच्या तोंडात करते, तशी बंदुकीच्या नळीतही करते. पावसाळाभर रायफल पडून राहिली किंवा आचारसंहितेत जमा करून परत आली की नळी बघितल्याशिवाय हात लावू नका. मागे एका बागायतदाराच्या रायफलीतून मी बोटभर लांबीचा मातीचा गोळा काढला. वाळून दगड झालेला, आणि फोडला तर आत पिल्लांच्या बेगमीचे कोळी ओळीने भरलेले! अशा मातीवर गोळी वेगाने आदळली की नळी तिथे फुगते, नाहीतर चिरते. नळीत साचलेलं पावसाचं पाणीही असाच घात करतं.

बघायचं कसं? मॅगझीन रिकामं करा, बोल्ट मागे ओढा. थ्री फिफ्टीन ही ली-एनफिल्डच्या, म्हणजे ब्रिटिश फौजेच्या जुन्या थ्री नॉट थ्रीच्या घडणीची आहे, त्यामुळे बोल्टहेड (बोल्टचं पुढचं टोक) वर उचललं की बोल्ट मागून सरळ बाहेर येतो. मग चेंबरच्या बाजूने आभाळाकडे बघा. आतल्या चकाकीत कुठे काळी गोल वळी दिसली तर नळी तिथे आधीच फुगलेली आहे. ती रायफल आता चालवायची नाही, कुणी कितीही "एकच बार मारून बघू" म्हणो.

बाराचा आवाज फुस्स आला तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तोंड सुरक्षित बाजूला ठेवून अर्धा मिनिट थांबा, मग बोल्ट काढून नळी बघा. घाईने पुढचा राऊंड भरून मारला की संपलं. बाराबोअरवाल्यांसाठी जाता जाता सांगतो, 20 बोअरचं काडतूस 12 च्या नळीत पुढे सरकून अडकतं आणि त्याच्या मागे 12 चंही भरता येतं. दोन्ही एका पिशवीत ठेवू नका.

तेलाबद्दल आमचे लोक ऐकत नाहीत. गंज चढू नये म्हणून चेंबरमध्ये खोबरेल ओततात. एक तर ते थंडीत थिजतं. दुसरं, चेंबर बुळबुळीत असलं की केस भिंतीला नीट चिकटत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. ठेवताना बंदुकीच्याच तेलाचा हात फिरवा, चालवण्याआधी पुल-थ्रूला (नळीतून ओढायच्या दोरीला) कोरडी चिंधी लावून नळी आणि चेंबर पुसून घ्या.

उडालेली केस फेकू नका, वाचा. बुडापासून सुमारे सेंटिमीटरभर वर चकचकीत कडं दिसलं की सेफ्टीपिन सरळ करा, तिचं टोक वाकवा आणि केसच्या आतल्या भिंतीवरून फिरवा. टोक खाचेत अडकलं म्हणजे पितळ तिथे ताणून पातळ झालंय. याचा अर्थ हेडस्पेस वाढलीय, म्हणजे बोल्टच्या तोंडापुढे काडतुसाची कड बसते तिथे वाजवीपेक्षा जास्त मोकळीक आहे. थ्री नॉट थ्रीला ही जागा 0.064 ते 0.074 इंच असावी लागते. मोजणं गेजचं काम, परवानाधारक दुरुस्तीवाल्याचं. प्राइमर (केसच्या बुडातली ठिणगीची टिकली) सपाट होऊन पसरलाय, बोल्ट उचलायला जोर लागतो, ही दाब वाढल्याची लक्षणं. त्या काडतुसांचा डबा तिथेच बंद करा.

आता घडणीकडे येतो. मला सगळ्यात विश्वासाची वाटते ती जर्मनीची 1898 ची माऊझर. चेंबरच्या लगेच मागे दोन लग (बोल्टला जागी अडकवून ठेवणारे पोलादी खुंट), मागे तिसरा राखीव. बोल्टच्या अंगाला खालून दोन लांबट भोकं, प्राइमर फुटला तर गॅस त्यातून डाव्या खाचेत वळतो, आणि मागची रुंद कड उरलेला झोत डोळ्यापासून दूर फेकते. काडतूस फाटणारच हे गृहीत धरून तिची घडण केलीय. 1962 ची रेमिंग्टन 700 काडतुसाचं बूडच पोलादाने वेढते, तीही वाट चांगली.

अमेरिकेची 1903 ची स्प्रिंगफिल्ड दिसायला माऊझरचीच बहीण, पण सुरुवातीच्या रिसीव्हरचं (ज्यात बोल्ट सरकतो त्या सांगाड्याचं) पोलाद किती तापलंय हे कारागीर रंगावरून, नजरेने ठरवत. उन्हाच्या दिवशी आणि ढगाळ दिवशी नजर वेगळं सांगते. जास्त तापलेले रिसीव्हर ठिसूळ झाले, आणि 1917 मध्ये केसचं बूड फाटल्यावर त्यांच्या ठिकऱ्या उडाल्या. स्प्रिंगफिल्ड कारखान्याचे 800,000 च्या आतले क्रमांक म्हणूनच आजही कुणी चालवू नयेत. कॅनडाच्या रॉस मार्क थ्रीचा प्रकार वेगळा. तिचा बोल्ट खोलून चुकीचा जोडला तरी बसायचा, लग न अडकताच बार उडायचा आणि बोल्ट मागे तोंडावर यायचा. 1916 मध्ये ती आघाडीवरून काढून घेतली.

ली-एनफिल्डचे लग मागच्या अंगाला आहेत. दाबाखाली बोल्ट आणि रिसीव्हर किंचित लवतात, त्यामुळे केस जास्त ताणली जाते. गॅस वळवायची सोय माऊझरइतकी पक्की नाही. पण ही रायफल आधी कुरकुरते, केसवर कडी दाखवते, ऐकणाऱ्याला वेळ देते. फक्त तिचा बोल्ट दुसऱ्या रायफलीला लावू नका. बोल्टच्या दांड्यावरचा आणि रिसीव्हरवरचा क्रमांक जुळतोय ना, एवढं आजच बघा. नसेल जुळत, तर तपासून मिळेपर्यंत वानरांना फटाक्यांवर भागवा. आणि जुळला तरी बार मारताना चष्मा लावा.