जुन्या रेसिंग सायकलला नवे ब्रेकवाले शिफ्टर लावताय? या चुका टाळा

पहिली चूक मी स्वतः केलेली, तीच आधी सांगतो. शिफ्टर, म्हणजे गिअर बदलायचे लिव्हर, आधी घेतले.

मामाच्या घरी टिनाच्या शेडमधे पऱ्हाटीच्या ढिगामागे एक जुनी जपानी स्टीलची रेसिंग सायकल पडलेली होती, एडक्याच्या शिंगासारखं वळलेलं हँडल, गिअरचे दोन बारके लिव्हर खालच्या दांड्यावर, मागे ६ चक्र्या. मामा म्हणे घेऊन जा बाबू, इथं नुसती कोंबड्या बसून राहिल्या तिच्यावर. आणली घरी, पुसली, अन् त्याच रात्री मोबाईलवर १० स्पीडच्या (म्हणजे मागे १० चक्र्यांसाठीच्या) शिफ्टरची जोडी मागवून टाकली, काहून की ऑफर होती. डबा आला आणि चार महिने कपाटावर तसाच राहिला, कारण १० स्पीडचं चाक फ्रेममधे जाईना, डिरेलर (चैन चक्रीवरून चक्रीवर सरकवणारा भाग) जमेना, वायर अडकवायला फ्रेमवर जागाच नाही. तर राजेहो, शिफ्टर ही सगळ्यात शेवटी घ्यायची वस्तू आहे. आधी दोन-तीनशे रुपयाचा वर्निअर (मिमी मोजायची सरकती पट्टी) घ्या आणि सायकल मोजा.

ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमधे, हा प्रकार जपानी कंपनी शिमानोने १९९० मधे आपल्या ८ स्पीडच्या ड्युरा-एस या गिअर-सेटमधे आणला, त्याला एसटीआय म्हणतात. इटलीच्या कॅम्पॅग्नोलोचा तसाच एर्गोपॉवर आला १९९२ मधे. म्हणजे तुमची सायकल त्याच्या आधीची असेल तर ती बनवणाऱ्याच्या डोक्यात हे शिफ्टर नव्हतेच, आणि सगळी गडबड तिथूनच सुरू होते.

मागचा गॅप. मागचं चाक काढा आणि एक्सल बसतो त्या दोन पत्र्यांमधलं आतलं अंतर मोजा. ५ चक्र्यांच्या जुन्या सायकलीत ते १२० मिमी असतं, ६-७ वाल्यात १२६, आणि ८ पासून ११ स्पीडपर्यंतच्या रिम ब्रेकवाल्या (रिंगवर रबर दाबणाऱ्या) रोड हबला (चाकाच्या मधल्या भागाला) १३० लागतं. १२६ ची स्टील फ्रेम असेल तर एका बाजूला फक्त २ मिमीचा प्रश्न आहे, हाताने जरा ताणून १३० चं चाक बसतं बी, पण दरवेळी पंक्चर झालं की भर उन्हात रस्त्यावर तशी कुस्ती खेळणं नको म्हणून लोक फ्रेम थंडीच, म्हणजे न तापवता, वाकवून घेतात. थंडी! मी तालुक्याला एका वेल्डिंगवाल्याकडे गेलो तर तो म्हणे आणा इकडे, गॅसने लाल करतो, एका मिनिटात रुंद करून देतो, मी सायकल उचलली आन् सरळ घरी आलो. पातळ नळीचं चांगलं स्टील तापवलं की त्याची ताकद जाते. अल्युमिनियम आणि कार्बनच्या फ्रेमला तर हा उद्योग करायचाच नाही, ना थंड ना गरम.

थंडी वाकवताना दोन्ही बाजू सारख्या सरकत नाहीत हे लक्षात ठेवा, एक बाजू नेहमी जास्त शहाणी असते. त्यासाठी साधा दोरा पुरतो. एका बाजूच्या एक्सलच्या खाचेत दोरा बांधा, पुढे हँडलच्या उभ्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेत आणा, ताठ ओढा, आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडे दोरा किती दूर आहे ते मोजा. दोन्हीकडे सारखं आलं पाहिजे. माझ्यात ३ मिमीचा फरक निघाला, तो काढायला अर्धा दिवस गेला आणि शेजारच्या आजोबांनी तीनदा विचारलं की पतंग करून राहिला का. शेवटी ते दोन पत्रे एकमेकांना समांतर आहेत का तेही पहा, तिरके राहिले तर एक्सलवर ताण येतो आणि एखाद्या खड्ड्यात तो वाकतो नाहीतर तुटतो.

आता आपल्या भागासाठी माझं मत ऐका, पटलं तर घ्या. १०-११ स्पीडच्या नादी लागू नका. फ्रेम १२६ ची असेल, चाकाचं हब जुनं आट्यांचं असेल, म्हणजे चक्र्यांचा अख्खा फ्रीव्हील त्यावर फिरवून बसतो तसं, तर ७ स्पीडचा फ्रीव्हील लावा. १४-२८ चा फ्रीव्हील पोरांच्या गिअरच्या सायकलींना येतो, त्यामुळे तालुक्याच्या दुकानात मिळून जातो. १० स्पीडची कॅसेट (नव्या हबवर सरकवून बसवायचा चक्र्यांचा संच) मात्र कुरिअरनेच येणार, आणि तेवढ्यात तुरीची सवंगणी होऊन जाईल. त्यावर शिमानो टर्नीचे ए०७० शिफ्टर बसतात, ते ७ स्पीडचेच आहेत, बारीक चक्रीकडे जायला आतल्या बाजूला अंगठ्याचं बटण, ते काही लोकांना स्वस्त वाटतं पण काम चोख करतं. किंवा शिमानोच्याच क्लॅरिसचे ८ स्पीडचे लावा.

८ चा शिफ्टर ७ वर कसा चालेल म्हणता? हिशोब करून पहा. ७ स्पीडमधे एका चक्रीच्या मधापासून दुसरीच्या मधापर्यंत ५ मिमी, ८ स्पीडमधे ४.८. एका उडीला ०.२ चा फरक, ६ उड्यांना मिळून १.२. मधल्या चक्रीवर गिअर बरोबर सेट केला तर दोन्ही टोकांना ०.६ मिमीचा फरक राहतो, आणि एवढं डिरेलरची पुली सांभाळून घेते. एक क्लिक उरतो, तो डिरेलरची धाव अडवणाऱ्या लिमिटच्या स्क्रूने बंद करायचा. हाच प्रयोग १० च्या शिफ्टरने करू नका, तिथे उडी ३.९५ ची आहे, तिसऱ्या क्लिकलाच चैन दोन चक्र्यांच्या मधात खडखड करत बसते. मी करून पाहिलंय, डबा फुकट जाऊ नये म्हणून.

याच हिशोबात बहुतेक लोक फसतात. शिफ्टर एका क्लिकला ठराविक वायर ओढतो आणि डिरेलर ती ओढ ठराविक पटीने वाढवतो. शिमानोच्या ८ स्पीडमधे क्लिकला साधारण २.८ मिमी वायर, डिरेलर ती १.७ पट करतो, झाले ४.८. शिमानोचे ७, ८, ९ आणि जुन्या १० स्पीडचे रोड डिरेलर या एकाच १.७ च्या घरातले, म्हणून आपसात चालतात. पण ११ स्पीडपासून पट बदलली, आणि शिमानोच्या टियाग्रा ४७०० डिरेलरवर १० स्पीड लिहिलंय म्हणून जुन्या १० स्पीडच्या शिफ्टरबरोबर घेतला तर फसला, तो ११ च्या घरातला आहे. १० स्पीडचा माउंटन डिरेलर पण रोडच्या शिफ्टरवर चालत नाही. जुना ड्युरा-एस ७४०० चा डिरेलर घरात असेल तर त्याचीही पट वेगळी आहे, कितीही चकचकीत असो. सारम (अमेरिकेची कंपनी) अन् कॅम्पॅग्नोलोचं गणित आणखी निराळं. विकणारा "सब चलता है भाऊ" म्हणतो, त्याच्या बापाचं काय जातं.

आणि इंडेक्सच्या आधीच्या काळातला, म्हणजे क्लिक नसलेल्या लिव्हरबरोबर आलेला मागचा डिरेलर ठेवू नका. दिसायला भारी असतो, पण क्लिकवर त्याला नेमकं थांबता येत नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढवायची असेल तर मागे ३४ दात्यांची चक्री हवीच (निदान माझ्या गुडघ्यांना), आणि जुन्या आखूड पिंजऱ्याच्या (पिंजरा म्हणजे दोन पुल्या धरणारा भाग) डिरेलरला तेवढी मोठी चक्री झेपत नाही, त्याला लांब पिंजऱ्याचा लागतो. चैन ८ स्पीडचीच घ्या. काळ्या सायकलची जाड चैन इथे घासते.

सगळं जुळलं तरी गिअर एका बाजूला नीट पडतो, दुसऱ्या बाजूला अडखळतो, असं होत असेल तर शिफ्टरला शिव्या देण्याआधी डिरेलर लटकतो तो कान पहा. जुन्या सायकली इतक्यांदा उजव्या अंगावर आपटलेल्या असतात की तो कान आत वाकलेला असतोच. सरळ करायचं हत्यार आपल्याकडे कोणाकडे नाही. जुगाड असा की डिरेलर काढा आणि दुसऱ्या गिअरच्या सायकलीचं मागचं चाक घ्या, त्याचा एक्सल १० मिमीचा, १ मिमी आट्याचाच असला पाहिजे, कारण कानातले आटेही तेच. तो हलक्या हाताने कानात फिरवा, की आता तुमच्या चाकाशेजारी दुसरं चाक उभं राहील, दोन्ही चाकं वरून, मागून समांतर दिसतात का पहा. नसतील तर त्याच चाकाला धरून हळूच वाकवा. काळ्या सायकलचं चाक घेऊ नका, आटे वेगळे, कानाचं वाटोळं होईल.

वायर. हा भाग छोटा वाटतो आणि सगळ्यात जास्त लोक इथे मार खातात. गावातल्या दुकानात आउटरचा (वायरवरच्या नळीचा) एकच गुंडाळा लटकलेला असतो, तो ब्रेकचा. त्याच्या आत पट्टीचा स्प्रिंगसारखा पीळ असतो, ओढलं की किंचित दबतो, ब्रेकला चालतं, पण इंडेक्स गिअरला नाही, तिथे अर्धा मिमी सुद्धा खूप झाला. गिअरच्या आउटरमधे तारा उभ्या, लांबीच्या दिशेने असतात, म्हणून ते दबत नाही. आणि याच्या उलट कधीच करू नका, गिअरचं आउटर ब्रेकला लावलं तर जोरात ब्रेक मारल्यावर ते फाटून तारा बाहेर येऊ शकतात, आणि तेव्हा समोर उसाची ट्रॉली असते. ब्रेकच्या वायरची गुंडी पण पाहून घ्या, रोडच्या लिव्हरला थेंबासारखी छोटी गुंडी लागते, माउंटनची गोल डमरूसारखी तिथे बसत नाही, ठोकून बसवू नका. आउटर पक्कडने कापलं की तोंड चेमटतं, चांगल्या कटरने कापा, तोंड कानशीने सपाट करा, आत सुईने भोक मोकळं करा, टोकाला टोपी घाला.

खालच्या दांड्यावर जिथे जुने लिव्हर होते तिथे आता आउटर अडवायला स्टॉप लागतात. फ्रेमला झाळलेले बुंधे असतील तर त्यावर बसणारे स्टॉप मिळतात, नसतील तर २८.६ मिमीच्या नळीवर आवळायचा पट्टा मिळतो (फ्रेंच सायकलींची नळी २८ असते, मग मधे ट्यूबची पट्टी घाला). ताण सेट करायची चकरी असलेलेच घ्या. साधे घेतले तर पुढचा गिअर जुळवताना दरवेळी वायर सोडून परत ओढा, हे काम मी एक महिना केलं.

ब्रेक. जुनी चाकं २७ इंची असतील अन् तुम्ही ७०० ची लावताय तर रिंग ४ मिमी खाली जाते, जुन्या ब्रेकचे रबर तिथवर पोचतात का ते आधी पहा. नवीन छोट्या कॅलिपरची (रबर धरणाऱ्या ब्रेकच्या सांगाड्याची) पोच ४९ मिमीपर्यंतच, मोठ्यांची ४७ ते ५७, टेक्ट्रो आर५५९ ची ५५ ते ७३. ब्रेकच्या बोल्टपासून रिंगच्या मधापर्यंत मोजा आणि मग घ्या. जुन्या फ्रेमला मागून नट लागतो, नव्या कॅलिपरला खोल बसणारा एलकीचा नट असतो, त्यामुळे नटवाला प्रकार मागा, चिमट्याला (पुढच्या फोर्कला) ड्रिल मारायला धावू नका. आणि नवे लिव्हर जास्त वायर ओढतात, त्यामुळे जुन्या एका खिळीच्या कॅलिपरबरोबर ब्रेक लागतो तर खरा, पण जोर कमी पडतो. क्रोमची लोखंडी रिंग असेल तर पावसात ब्रेक मारून देवाचं नाव घ्यायचं, ती आधी बदला.

पेडलच्या दांड्या अन् बॉटम ब्रॅकेट (त्या दांड्या ज्यात फिरतात तो खालचा भाग) चालत असेल तर हात लावू नका, माझं ऐका. मी लावला. गावातल्या काकांनी उजव्या बाजूचा कप छिन्नी-हातोड्याने तासभर ठोकला अन् म्हणाले, "अबे, हे तं ढिलं होऊन नाही राहिलं, आवळतच चाललं." इंग्लिश आट्यात (६८ मिमी नळी) उजव्या कपाचे आटे उलटे असतात! इटालियनमधे नळी ७० मिमी आणि दोन्हीकडे सरळ आटे. जुन्या रॅलेपैकी बऱ्याच सायकलींत इंचाला २४ ऐवजी २६ आट्यांचा माप असतो, तिथे बाजारातला नवा कप जबरीने घातला की फ्रेम गेली.

सेकंडहँड शिफ्टर घेतले आणि क्लिक पकडतच नाही, लिव्हर नुसता फिरतो, तर फेकू नका. बऱ्याचदा आतलं ग्रीस वाळून डिंकासारखं झालेलं असतं अन् बारके दात चिकटून बसतात. आपल्याकडे टिनाखाली मे महिना काढलेल्या शिफ्टरची हीच गत. डब्ल्यूडी-४० नाहीतर रॉकेल आत सोडा, पन्नास-साठ वेळा दोन्ही लिव्हर दाबा, काळं पाणी निघेल, परत सोडा. माझी जोडी तिसऱ्या दिवशी बोलायला लागली. मग पातळ तेलाचे दोन-चार थेंब, ग्रीस परत भरू नका.

हँडल जुनंच चालतं, शिफ्टरचा पट्टा साधारण २४ मिमीच्या नळीसाठीच असतो. नवं ३१.८ चं हँडल मात्र जुन्या स्टेममधे (हँडल धरणाऱ्या भागात) जाणार नाही. स्टेम अडकला असेल तर वरचा बोल्ट तीन-चार फेरे ढिला करून त्यावर लाकूड ठेवून हातोडी मारा, आतली पाचर खाली सुटते, पूर्ण बोल्ट काढून पिळत बसू नका. आणि स्टेमवर कमीत कमी खोलीची जी रेघ असते ती नळीच्या आतच राहू द्या.

माझी आता ७ चक्र्यांवर आहे, क्लॅरिसचे ८ चे शिफ्टर, मोर्शीच्या बाजारापर्यंत रोज जाऊन येतो. तो १० स्पीडचा डबा अजून कपाटावरच आहे. कोणाची १३० ची फ्रेम असेल आणि जुन्या घरातला १० चा डिरेलर असेल तर सांगा भाऊ, ऑफरमधेच देऊन टाकतो.